‘पीआर आलाय, पण पाय निघत नाही’: मेलबर्नला जाऊ की नको, या प्रश्नाचा एक अनुभव

“मॅडम, पीआर हातात आलाय, पण जावं की नको तेच ठरत नाहीये.” पुण्यात कौटुंबिक समुपदेशन करताना हे वाक्य मी गेली काही वर्षं सतत ऐकते. पीआर म्हणजे ऑस्ट्रेलियात कायम राहण्याचा परवाना. कधी शहर सिडनी असतं, कधी ॲडलेड, बऱ्याचदा मेलबर्न. माहिती कमी पडलीय असं मुळीच नसतं. तिथल्या मित्रांना फोन झालेले असतात, व्हिडिओ बघून झालेले असतात, घरभाड्याचे आकडे तोंडपाठ असतात. तरी निर्णय होत नाही, आणि घरातलं बोलणं त्याच चार वाक्यांभोवती फिरत राहतं.

अशाच एका कुटुंबाबद्दल त्यांच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदललेत, नावं देत नाही. तो सॉफ्टवेअरमध्ये, वय ३९. ती दंतवैद्य, कोथरूडमध्ये स्वतःचं क्लिनिक. तिला मी इथे डॉक्टर म्हणते. मुलगी सातवीत. सासूबाई ७१ वर्षांच्या, त्यांच्यासोबतच राहणाऱ्या. नणंद नाशिकला.

त्याने चाळिशीच्या आत घाई करून अर्ज केला होता, कारण ऑस्ट्रेलियाच्या व्हिसाच्या गुणपद्धतीत ३३ ते ३९ वयाला २५ गुण आणि चाळिशी ओलांडली की १५. मेलबर्न ज्या राज्यात आहे त्या व्हिक्टोरियाचं नामांकन मिळालं आणि १९० क्रमांकाचा कायम वास्तव्याचा व्हिसा आला. त्या पत्रात पहिल्या प्रवेशाची शेवटची तारीख असते. तोपर्यंत ऑस्ट्रेलियात एकदा तरी पाऊल ठेवायचं. तारीख जवळ यायला लागली तशी घरातली भांडणं वाढली, तेव्हा दोघं माझ्याकडे आले.

पहिल्याच सत्रात त्याने लॅपटॉप उघडला. एक्सेलची शीट. डाव्या बाजूला मुद्दे, पुढे प्रत्येकाला वजन, मग पुणे आणि मेलबर्नला दिलेले गुण. पगार, शाळा, हवा, वाहतूक, सुरक्षितता, आईची काळजी, सणवार, सगळं होतं. खाली बेरीज, आणि बेरजेत मेलबर्न पुढे. खूप मेहनतीने केलेलं काम होतं ते, आणि घरासाठी केलेलं होतं. डॉक्टर गप्प बसून बघत होत्या. मग त्यांनी स्क्रीनवरच्या एका ओळीवर बोट ठेवलं. ‘पत्नीचे करिअर’, वजन पाच. बोट तसंच चार ओळी खाली नेलं. ‘स्वच्छ हवा’, वजन पाच.

तो म्हणाला, “अगं, पण मी तुला विचारलं होतं की काही बदलायचंय का.”

ती म्हणाली, “तू शीट दाखवलीस. मला नाही विचारलंस.”

फायदे-तोट्यांची यादी इथे अडकते, आणि हे मी जवळजवळ प्रत्येक घरात बघते. यादी कुटुंबाची म्हणून केलेली असते, पण तिच्यातला एकेक मुद्दा कुणातरी एकाच्या वाट्याला येतो. पगारवाढ त्याची, परीक्षा तिची, एकटेपणा आईंचा, शाळा मुलीची. सगळ्याची एकच बेरीज केली की एकाने मोजलेली किंमत दुसऱ्याच्या फायद्यात मिसळून जाते, आणि जिची किंमत दिसेनाशी होते ती व्यक्ती “काही नाही, तुम्ही ठरवा” म्हणून गप्प बसते. म्हणून मी त्यांना तीच शीट पुन्हा भरायला सांगितली, दोन नवे रकाने घालून: हे कुणाला मिळणार, आणि त्यासाठी कोण काय सोडणार. गुण काढून टाकायला लावले.

डॉक्टरांच्या ओळीपासून सुरुवात केली, कारण जड तीच होती. भारतातल्या बीडीएसला तिथे थेट प्रॅक्टिस करता येत नाही. ऑस्ट्रेलियन डेंटल काउन्सिलकडून आधी कागदपत्रांची छाननी, मग लेखी परीक्षा, मग प्रात्यक्षिक परीक्षा. प्रात्यक्षिक मेलबर्नलाच होतं, लेखी बाहेरच्या देशांतल्या केंद्रांवरही देता येते. फी हजारो डॉलरमध्ये जाते. हे सगळं व्हायला सहज दोनतीन वर्षं लागतात, आणि पहिल्या फटक्यात पास होण्याची खात्री कुणी देत नाही. मधल्या काळात आपल्याकडच्या बऱ्याच दंतवैद्य डेंटल असिस्टंटचं काम करतात, कारण त्याला तिथे नोंदणी लागत नाही.

“म्हणजे माझ्याकडे जी मुलगी ट्रे लावते, ते काम मी करायचं,” डॉक्टर म्हणाल्या. त्या मुलीबद्दल त्यांच्या मनात कमीपणा अजिबात नव्हता. पंधरा वर्षं पेशंट ज्यांच्याच हातून उपचार हवेत म्हणून येतात, त्यांनी पुन्हा शेवटच्या रांगेत उभं राहायचं, ते दुःख होतं. त्याने ते पहिल्यांदा नीट ऐकलं. याआधी तो दर वेळी “दोन वर्षांचाच प्रश्न आहे” म्हणायचा. दोन वर्षं ज्याची नसतात त्याला ती लहान वाटतात.

मग त्याची ओळ. तो ‘मुलीचं भविष्य’ म्हणत राहिला. मी विचारत राहिले. शेवटी निघालं ते असं: तो गेली कित्येक वर्षं अमेरिकेच्या वेळेवर रात्रीचे कॉल घेत होता, झोप मोडली होती, आणि वडील छप्पन्नाव्या वर्षी हृदयविकाराने गेले ही गोष्ट डोक्यातून जात नव्हती. ऑस्ट्रेलियात आठवड्याला ३८ तासांचं काम हे मूळ प्रमाण आहे, वर्षाला चार आठवड्यांची भरपगारी रजा असते, आणि ऑगस्ट २०२४ पासून कामाच्या वेळेबाहेर आलेल्या फोन-मेलला उत्तर न देण्याचा कायदेशीर हक्कही आला आहे (वाजवी कारण नसताना नकार दिला तर प्रश्न येतो, तेवढी मर्यादा आहे). त्याला हवं होतं ते हे.

माझं मत मी स्पष्ट सांगितलं. झोप परत मिळवायला देश बदलावाच लागतो असं नाही. आधी इथेच प्रोजेक्ट बदलून बघा. त्याने बदललं. दोनेक महिन्यांत तब्येत सुधारली, चिडचिड कमी झाली, आणि तरीही त्याला जायचं होतंच. हे कळणं फार उपयोगाचं होतं. थकून पळावंसं वाटणं आणि शांत डोक्याने नवीन काही करावंसं वाटणं, दोन्हीची आधी गल्लत होत होती.

पैशांबद्दल थोडक्यात. डॉलरला रुपयांनी गुणून पगार बघू नका, आणि खर्चही तसा बघू नका. समजा वर्षाला १,२०,००० डॉलर पगार. २०२५–२६ च्या दरांनी आयकर आणि मेडिकेअरची (तिथल्या सरकारी आरोग्यसेवेची) दोन टक्के आकारणी धरून सुमारे २९,००० जातात. हातात महिन्याला साडेसात हजारांच्या आसपास. वर १२ टक्के सुपर, म्हणजे निवृत्तीची ठेव, मालक वेगळी भरतो. घरभाडं आठवड्यावर असतं. ५०० डॉलर म्हणजे महिन्याला दोन हजार अशी चूक सगळे करतात, पण ५२ आठवडे धरले की ते २,१६७ होतं. एका पगारावर तिघं नीट राहतील, पण डॉक्टरांच्या परीक्षेची फी, पुण्याचं तिकीट आणि आईंचा खर्च धरला की शिल्लक पहिली दोन वर्षं थोडीच. शिवाय नोकरी आधी मिळालेली नव्हती. ‘लोकल एक्स्पिरियन्स’ नाही म्हणून पहिले काही महिने कोरे जाऊ शकतात, आणि नव्याने आलेल्या पीआरधारकाला बेकारभत्त्यासाठी चार वर्षं थांबावं लागतं. सहा महिन्यांचा खर्च हाताशी ठेवल्याशिवाय निघू नका, हे मी सगळ्यांना सांगते.

मुलीचा प्रश्न पालकांना वाटत होता त्यापेक्षा सोपा निघाला. सरकारी शाळा चांगल्या आहेत, प्रवेश घराच्या पत्त्यावर ठरतो, वर्ष जानेवारीअखेर सुरू होतं. तिला फक्त कथकचा क्लास सुटणार याचं वाईट वाटत होतं. एक पथ्य मात्र मी सांगितलं: अकरावी-बारावीच्या व्हीसीईच्या (तिथल्या बारावीच्या प्रमाणपत्राच्या) तोंडावर मुलाला हलवू नका, ना इकडून तिकडे ना तिकडून इकडे.

आता आई. त्यांना मी वेगळं भेटले. मुलगा आणि सून दोघंही गृहीत धरून होते की आईंना सोडवत नाही म्हणून त्या काही बोलत नाहीत. आई ताठ बसून म्हणाल्या, “माझ्यामुळे राहिला, हे मला शेवटपर्यंत त्याच्या तोंडावर वाचायचं नाहीये. जाऊ दे त्याला. पण माझं घर विकायचं नाही, आणि सहा महिने नाशिक सहा महिने इथे असं मला फिरवायचं नाही.” फ्लॅट त्यांच्याच नावावर होता. विकून तिकडे घर घ्यायचा विचार मुलाच्या मनात होता, आणि तो त्यांच्या कानावर परस्पर आला होता. त्या चार दिवस नीट जेवल्या नव्हत्या, हे घरात कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

“नंतर आईला नेऊ” असं वाक्य मी प्रत्येक घरात ऐकते, म्हणून हे नीट लिहिते. पालकांसाठीच्या कायम व्हिशाला निम्मी तरी मुलं ऑस्ट्रेलियात स्थायिक असावी लागतात. इथे एक मुलगा, एक मुलगी, म्हणजे अट पुरी होते. पण जास्त पैसे भरून मिळणाऱ्या १४३ क्रमांकाच्या व्हिशाला माणशी ५० हजार डॉलरच्या आसपास लागतात आणि नव्या अर्जाला दहा वर्षांहून जास्त थांबावं लागतं. कमी पैशांच्या व्हिशाची रांग तीस वर्षांच्या घरात आहे. ७१ वर्षांच्या बाईंना ही दोन्ही उत्तरं देता येत नाहीत. ८७० क्रमांकाचा तात्पुरता पालक व्हिसा तीन किंवा पाच वर्षांचा मिळतो, पण त्यासाठी मुलाने तिथे साधारण चार वर्षं राहिलेलं असावं लागतं. म्हणजे पहिली चार वर्षं व्हिजिटर व्हिसा, मेडिकेअर नाही, खासगी विमा. (नियम बदलत असतात. मी व्हिसाची सल्लागार नाही. अर्ज करताना सरकारी संकेतस्थळ बघा आणि नोंदणीकृत मायग्रेशन एजंटलाच गाठा.) हे सगळं आईंच्या समोर बोलावं असा मी आग्रह धरला. ऐकून त्या म्हणाल्या, “मग मी येईन ती पाहुणी म्हणून येईन. घर माझं इथेच.” मुलाला ते ऐकणं जड गेलं. पण त्यानंतर बोलणं खऱ्या गोष्टींवर आलं: रात्री सोबतीला कोण, दवाखान्यात कोण नेणार, बँकेत सही कुणाची, आणि नणंदेवर किती भार टाकायचा. नणंदेला फोन केला तेव्हा कळलं की तिला कुणी काही सांगितलंच नव्हतं.

पहिल्या प्रवेशासाठी ते तिघं जुलैत तीन आठवडे मेलबर्नला गेले. मी मुद्दाम जुलै म्हटलं. ऐन थंडी, सकाळी पाच-सहा अंश, साडेपाचच्या सुमाराला अंधार, आणि घरं आतूनही गार. शहर बघायला उन्हाळ्यात जाणारे खूश होऊन येतात. यांनी टार्नीट या पश्चिमेकडच्या उपनगरात घर भाड्याने घेतलं, कारण परवडणारं भाडं आणि आपली माणसं दोन्ही तिकडेच. त्याने गर्दीच्या वेळेला व्ही-लाइनच्या रेल्वेगाडीने शहरातल्या सदर्न क्रॉस स्टेशनला उभ्याने प्रवास करून बघितला. डॉक्टरांनी पर्यटन केलंच नाही. परीक्षा दिलेल्या आणि देत असलेल्या मराठी-गुजराती दंतवैद्यांना त्या भेटल्या. त्यातली एक तिसऱ्यांदा प्रात्यक्षिकाला बसणार होती. परत आल्यावर मला म्हणाल्या, “तिला भेटले म्हणून माझी भीती गेली. काय होऊ शकतं ते डोळ्यांनी पाहिलं.”

निर्णय असा झाला. डॉक्टर आधी पुण्यातूनच छाननी आणि लेखी परीक्षेची तयारी करतील. क्लिनिक विकायचं नाही, एका तरुण सहकारी डॉक्टरला चालवायला द्यायचं. फ्लॅटला हात लावायचा नाही. लेखी पास झाल्यावर पुढच्या जानेवारीत निघायचं. पहिला प्रवेश झालेला असल्याने, व्हिसा मिळाल्यापासूनच्या पाच वर्षांतली उरलेली वर्षं हाताशी होती. पाच वर्षांतली दोन तिथे राहून झाली की पुन्हा ऑस्ट्रेलियात परतण्याचा व्हिसाही मिळतो. त्यामुळे ‘आता नाही तर कधीच नाही’ हा दबाव खोटा होता, आणि तो गेल्यावर भांडणंही बरीच गेली.

याच प्रकारची शीट घेऊन आलेल्या दुसऱ्या एका जोडप्याने पहिल्या प्रवेशाची तारीख जाऊ दिली. तिच्या वडिलांचा पार्किन्सन्स वाढत होता आणि तिला त्या काळात जवळ असायचं होतं. नवऱ्याला आधी वाईट वाटलं, त्याबद्दल तो मोकळेपणाने बोलला, आणि आज त्यांचं बरं चाललंय. हाही माझ्या लेखी चांगलाच निर्णय.

मेलबर्नचं कुटुंब तिथे गेल्याला आता वर्ष उलटून गेलंय. त्याला नोकरी लागायला चार महिने लागले. पहिल्या थंडीत डॉक्टर फार खचल्या होत्या. मी त्यांना तिथल्या जीपीकडे, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे जायला सांगितलं. मेडिकेअरवर मानसोपचाराची योजना करून घेतली तर वर्षाला दहा सत्रांपर्यंत सवलत मिळते, हे आपल्या लोकांना माहीत नसतं. त्या गेल्या. आता आठवड्यातले तीन दिवस असिस्टंटचं काम, उरलेले दिवस अभ्यास. कधी रागावून फोन करतात, कधी नुसतं बोलायला. आई तिथल्या उन्हाळ्यात अडीच महिने राहून आल्या, थंडी लागायच्या आत परतल्या. कोथरूडच्या घरी रात्री सोबतीला नात्यातली एक मुलगी असते, तिचं कॉलेज जवळ आहे.

प्रात्यक्षिक परीक्षा अजून व्हायची आहे. तिच्यात दोनदा पास होता आलं नाही तर काय, हेही त्यांनी निघण्याआधीच लिहून ठेवलंय: मुलीची दहावी संपण्याआधी, व्हीसीई सुरू व्हायच्या आत, सगळ्यांनी पुन्हा बोलायला बसायचं, आणि त्या वेळी आधी डॉक्टर बोलणार.