उन्हात पावडर टाकून रंगाचं पाणी साफ होतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: धुळ्याजवळ सूत रंगवायचं छोटं युनिट आहे, रोज दहा हजार लिटर रंगीत पाणी निघतं. खान्देशात उन्हाला तोटा नाही, तर हौदात टायटॅनियम डायऑक्साइडची पावडर टाकून भागेल का?

दादा, हौदात नाही भागणार. मी जळगावला एम.एस्सी. करताना याच कामात दोन उन्हाळे भाजून घेतलेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पावडर काम करते हे खरं. तिच्यावर अतिनील किरण पडले की इलेक्ट्रॉन उडतो, मागे रिकामी जागा राहते. ती जागा पाण्यापासून हायड्रॉक्सिल रॅडिकल (समोर येईल त्यावर तुटून पडणारा अस्थिर कण) बनवते आणि ते रॅडिकल रंगाचा रेणू फोडत सुटतं. पावडर खर्ची पडत नाही. फुजिशिमा आणि होंडा या जपान्यांनी १९७२ मध्ये टायटॅनियम डायऑक्साइडवर प्रकाश टाकून पाणी फोडून दाखवलं, तेव्हापासून जगभर लोक या पावडरीच्या मागे आहेत. पण तिला साधारण ३८७ नॅनोमीटरच्या खालचाच प्रकाश चालतो आणि उन्हात तो जेमतेम चार-पाच टक्के. वैशाखात आपल्याकडे डोकं फुटायची वेळ येते, त्यातला बहुतेक भाग पावडरीच्या दृष्टीने नुसताच ताप.

आम्ही गच्चीवर स्टीलच्या परातीत पावडर घालून मिथिलीन ब्लू या निळ्या रंगाचं पाणी ठेवायचो, लिटरला १० मिलिग्रॅम, म्हणजे तुमच्या पाण्यापेक्षा कितीतरी फिकं. खोली दोन सेंटिमीटर. अकराला ठेवलेली परात दोनपर्यंत दुधासारखी पांढरी. आता तुमचं पाणी बघा: गडद मरून किंवा काळं. वरचा थरच सगळा प्रकाश खातो, खाली अंधार. दोन सेंटिमीटर थरात दहा हजार लिटर पसरायचं तर ५०० चौरस मीटर, म्हणजे पाच गुंठे जागा लागेल. तीही एका दिवसाच्या पाण्याला, आणि ऑगस्टात ढग आले की बंद.

आता खरी गोम. एकदा पावडर अल्कोहोलने धुतली आणि नीट न वाळवताच वापरली. बूच लावलेली बाटली उन्हात ठेवली, तासाभरात पाणी रंगहीन. मी खूश होऊन चहाला गेलो. तोवर आमच्या प्रयोगशाळेतल्या मामांनी बाटली उघडून, हलवून ठेवली होती. म्हणाले, "सर, पानी परत निळं व्हयी गयं!" झालं असं होतं की बाटलीतला ऑक्सिजन संपला, अल्कोहोलमुळे मिथिलीन ब्लूचं नुसतं रंगहीन रूप झालं आणि हवा लागताच ते मूळ पदावर आलं. रेणू एकही फुटला नव्हता. म्हणून व्हिडिओत कुणी बाटली पांढरी करून दाखवली तर आधी विचारा, सीओडी (पाण्यातली सेंद्रिय घाण मोजणारा आकडा) किती उतरला? अ‍ॅझो रंगात (कापडाच्या रंगांची एक मोठी जात) तर रंग जातो आणि मागे अ‍ॅरोमॅटिक अमाइन नावाचे तुकडे राहू शकतात. त्यातले काही मूळ रंगापेक्षा विषारी.

शिवाय सुती रंगाईचं पाणी मिथिलीन ब्लूसारखं गरीब नसतं. त्यात सोडा अ‍ॅश आणि भरमसाट मीठ. सोड्यातलं कार्बोनेट ते हायड्रॉक्सिल रॅडिकलच गिळून टाकतं. त्या अल्कलीत पावडरीचा पृष्ठभाग ऋणभारित होतो, रिअ‍ॅक्टिव्ह रंगही (सुती धाग्याला पक्के जोडले जाणारे) ऋणभारित, मग ते एकमेकांजवळ कशाला येतील?

दिसणाऱ्या प्रकाशावर चालणाऱ्या पावडरीही आहेत. बिस्मथ व्हॅनाडेट आहे, युरिया झाकणाच्या भांड्यात ५५० अंशाला तापवून होणारी पिवळी कार्बन नायट्राइड आहे. (अमोनियाचा वास असा की अख्खा मजला रिकामा होतो.) प्रयोगशाळेत छान चालतात, पण तुमचं मीठ, सोडा आणि काळं पाणी त्यांच्याही वाट्याला तसंच येणार. आणि बारीक पावडर पाण्यातून परत काढायची कशी? आमच्याकडे ती फिल्टर पेपरमधूनही निसटायची. नाल्यात गेली तर साफ करायला निघून नवीनच घाण.

तुम्ही आधी सगळं पाणी एका टाकीत एकत्र करा, मग पीएच सातच्या आसपास आणून तुरटीने, किंवा पीएच नऊ-दहाला ठेवून फेरस सल्फेट-चुन्याने गाळ बसवून बघा. कोणता रंग किती बसतो ते बरणीत करून कळेल, रिअ‍ॅक्टिव्ह रंग जरा हट्टी असतात. प्रदूषण मंडळाची संमती तर लागेलच. उरलेल्या फिक्या पाण्यावर शेवटचा हात म्हणून उन्हाचा प्रयोग करायला माझी ना नाही, पण पावडर काचेवर किंवा वाळूवर चिकटवलेली घ्या.

हौस असेल तर तीन पराती मांडा: एक पावडर आणि ऊन, एक नुसतं ऊन, एक पावडर घालून झाकलेली. काही रंग उन्हानेच विटतात आणि काही पावडरीला नुसते चिकटून बसतात, म्हणून बाकीच्या दोन. परातीला आतून पाण्याच्या पातळीची खूण करा. मे महिन्यात पाणी इतकं उडतं की खुणेपर्यंत भर घातल्याशिवाय घेतलेलं रीडिंग फसवतं. आणि अंगणातली धूळ पडू देऊ नका, आमच्या दोन पराती वावटळीनेच नासल्या.