महाराष्ट्र सरकारला कराचा पैसा नेमका कुठून येतो?

सगळ्यात मोठा वाटा जीएसटीचा. राज्यातल्या राज्यात १८ टक्क्यांचं बिल झालं, तर ९ टक्के राज्याचे आणि ९ केंद्राचे. परराज्यातून आलेल्या मालावर आयजीएसटी (केंद्र गोळा करतं तो एकत्रित जीएसटी) लागतो, त्यातला राज्याचा हिस्सा नंतर वळता होतो. इथेच बहुतेकांची गफलत होते: हा कर माल जिथे बनतो तिथे नाही, तर जिथे खपतो तिथे जमा होतो. चाकणला बनलेली गाडी पाटण्यात विकली, तर राज्याचा हिस्सा बिहारला.

पेट्रोल, डिझेल आणि दारू जीएसटीबाहेर आहेत. त्यांवरचा व्हॅट (विक्रीवरचा कर) आणि दारूवरचं उत्पादन शुल्क यांचे दर राज्य स्वतः ठरवतं, म्हणून ते सोडायला कुठलंच राज्य तयार नसतं.

त्यानंतर मुद्रांक व नोंदणी शुल्क. घरखरेदीवर नोंदणी फी १ टक्का, कमाल ३०,००० रुपये. मुद्रांक शुल्क वेगळं. बांधकाम बाजार थंडावला की हा आकडा लगेच घसरतो. वाहन कर आणि वीज शुल्क आहेतच. पगारातून कापला जाणारा व्यवसाय कर मात्र किरकोळ: महिना २०० आणि फेब्रुवारीत ३००, म्हणजे वर्षाला २,५००. राज्यघटनेच्या कलम २७६ नुसार याहून जास्त घेताच येत नाही. जमीन महसूल आज नावापुरता उरलाय.

शिवाय आयकरासह केंद्रीय करांचा वाटा. केंद्र-राज्यांमधली करवाटणी सुचवणाऱ्या पंधराव्या वित्त आयोगाने राज्यांना ४१ टक्के दिले, आणि राज्यांच्या त्या एकूण रकमेतले महाराष्ट्राचे साधारण ६.३ टक्के. पण उपकर आणि अधिभार (केंद्र मूळ करावर लावतं ते जादा आकार) या वाटपात धरले जात नाहीत.