शेवाळ गेलं, पण छप्पर गळायला लागलं. कंत्राटदाराकडून भरपाई कशी मागायची?

प्रश्न : कुडाळ तालुक्यात आमचं मंगळुरी कौलांचं, जांभ्या चिऱ्यांचं जुनं घर आहे. आई-वडील तिथे राहतात, मी ठाण्यात नोकरी करतो. कौलं आणि भिंती शेवाळाने काळ्या पडल्या होत्या, म्हणून मे महिन्यात कोल्हापूरच्या एका कंत्राटदाराला व्हॉट्सॲपवर बोलून ८५ हजारांत सफाईचं काम दिलं. ५० हजार आगाऊ दिले. त्याच्या माणसांनी प्रेशर मशीनने सगळं धुतलं, वरून केमिकल फवारलं. 'पाच वर्षं शेवाळ धरणार नाही' अशी गॅरंटी त्याने मेसेजवर दिली आहे. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात माजघरासकट तीन खोल्या गळू लागल्या. चिऱ्यांमधल्या दर्जा (सांध्यांतलं भरण) निघाल्या आहेत. छपराचं केमिकलचं पाणी शेजाऱ्यांच्या विहिरीत गेलं, अशी त्यांची तक्रार आहे. कंत्राटदार बिल देत नाही, पण उरलेले ३५ हजार मागतो. त्याच्या कोटेशनखाली 'तुटफुटीची जबाबदारी आमची नाही' असं छापलेलं आहे. घरपट्टी अजून आजोबांच्या नावावर आहे आणि एक खोली आम्ही सुट्टीत पर्यटकांना देतो. फसवणुकीची पोलीस तक्रार करू का? दहा लाख मागू का? पुरावा जाईल म्हणून छपराला अजून हात लावलेला नाही.

उत्तर : तुमच्या पत्रातल्या शेवटच्या वाक्याने मला जास्त काळजी वाटली. आई-वडील गळक्या छपराखाली आहेत आणि तुम्ही पुराव्यासाठी थांबला आहात. थांबू नका. कायद्यालाही ते नको आहे. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७३ नुसार नुकसानीचा हिशेब करताना, ते आटोक्यात ठेवण्यासाठी तुमच्या हातात काय उपाय होते हेही पाहिलं जातं. जूनमध्ये गळायला लागलेलं घर सप्टेंबरपर्यंत तसंच ठेवलंत, तर मधल्या काळात कुजलेल्या वाशांचे पैसे कंत्राटदाराकडून मिळणार नाहीत. उलट 'यांनीच दुर्लक्ष केलं' असं त्याचा वकील म्हणेल.

तेव्हा पहिली उघडीप मिळाली की गावातला कौलं परतणारा माणूस वर चढवा. त्याआधी एक दिवस पुराव्याला द्या. प्रत्येक खोलीत खालून, आणि शिडीवरून वरच्या बाजूने फोटो आणि व्हिडिओ घ्या. गावातले दोन जाणते आणि जमल्यास पोलीस पाटील यांच्यासमोर साध्या कागदावर पंचनामा लिहा : किती कौलं फुटली, किती सरकली, कुठल्या खोलीत पाणी येतं, दर्जा कुठून कुठपर्यंत निघाल्या. खाली तारीख आणि सह्या. एखादा सिव्हिल इंजिनिअर घर बघून लेखी अहवाल आणि सोबत शपथपत्र द्यायला तयार असेल, तर त्याची फी जड वाटली तरी द्या. भरपाईसाठी तुम्हाला जिल्हा ग्राहक आयोगाकडे अर्ज करायचा आहे, आणि तिथे तुमचा सगळ्यात मोठा आधार तोच कागद असेल.

फुटलेली कौलं टाकून देऊ नका, पडवीत रचून ठेवा. जुनं मंगळुरी कौल उलटं केलंत तर खालच्या बाजूला कारखान्याचा छाप दिसतो. एका कारखान्याचं कौल दुसऱ्याच्या खाचेत नीट बसत नाही. म्हणजे तुमच्या छपराची पन्नास कौलं गेली आणि तो कारखाना आज बंद असेल, तर बाजारातून पन्नास नवी आणून काम भागत नाही. कधी कधी एका बाजूचा अख्खा उतार बदलावा लागतो. नुकसानीचा आकडा खरा कुठे वाढतो, हे आयोगाला त्या छापावरून आणि खाचांवरून दाखवता येतं.

इथेच एक सावधगिरी. तलाठ्याकडून 'अतिवृष्टीने घराचं नुकसान' असा पंचनामा करून घ्या, म्हणजे सरकारी मदतही मिळेल, असं कुणीतरी सुचवेलच. करू नका. वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या दक्षिण कोकणात कंत्राटदाराचा पहिला बचाव 'पाऊसच तसा पडला' हाच असणार. आणि तुमच्याच सहीचा सरकारी कागद त्याच्या हातात आयता पडेल.

आता मुख्य मुद्दा. पैसे घेऊन केलेलं हे काम म्हणजे ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खालची 'सेवा' आहे. निष्काळजीपणे केलेल्या कामामुळे ग्राहकाचं नुकसान झालं, तर ती सेवेतली त्रुटी ठरते. शेवाळ गेलं नाही, अशी तुमची तक्रारच नाही, ते गेलंय. तुमची तक्रार कामाच्या पद्धतीबद्दल आहे, आणि अर्जातही ती तशीच मांडा. कौलांच्या छपरावर वरचं कौल खालच्यावर चढलेलं असतं, पाणी वरून खाली यावं म्हणून. वळचणीकडून आढ्याच्या दिशेने जोराचा फवारा मारला, तर पाणी कौलांच्या सांध्यातून आत रिपांवर जातं आणि कौलं जागची उचकटतात. जुन्या मातीच्या कौलाचा वरचा घट्ट थरही अशा दाबाने खरवडला जातो. मग कौल पाणी पितं आणि शेवाळ पुन्हा लवकर धरतं. जांभ्यातल्या दर्जांवर तोच फवारा गेला की त्यांची माती-चुना वाहून जाणारच. काम चालू असताना कुणी मोबाइलवर व्हिडिओ घेतला होता का, हे वाडीत विचारा. फवाऱ्याची दिशा दाखवणारा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ खूप उपयोगी पडेल. मिळाला तर मूळ फाइल तशीच जपा, फॉरवर्ड होऊन आलेल्या प्रतीवर अवलंबून राहू नका. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे डिजिटल पुराव्याला लागणारं प्रमाणपत्रही ज्याने व्हिडिओ घेतला त्याच्याकडून घ्या. कंत्राटदाराशी झालेलं संभाषण ज्या फोनवर आहे, तो फोन विकू नका, बदलू नका.

लेखी करार नव्हता म्हणून घाबरण्याचं कारण नाही. तोंडी आणि मेसेजवरचा करारही करारच. तुम्ही पैसे बँकेतून किंवा यूपीआयने दिले असतील, तर तो व्यवहारच बोलतो. आणि बिल देत नाही ही त्याची चूक आहे : २०१९ च्या कायद्यात सेवेचं बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा म्हणून वेगळी नोंदलेली आहे. बिल लेखी मागा, म्हणजे नकारही लेखी येईल.

'तुटफुटीची जबाबदारी नाही' या छापील ओळीबद्दल. काळजीपूर्वक काम करूनही दोन-चार जुनी कौलं फुटली, तर ती ओळ त्याच्या बाजूने बोलेल. निष्काळजीपणाला ती झाकत नाही, असाच आपला युक्तिवाद ठेवायचा. मात्र अर्जात 'हा अनुचित करार आहे, रद्द करा' अशी मागणी घालू नका. अनुचित कराराच्या तक्रारी ऐकण्याचा अधिकार कायद्याने राज्य आयोगाला दिला आहे, जिल्हा आयोगाला नाही. त्या एका वाक्यापायी अर्ज अधिकारक्षेत्राच्या वादात अडकतो.

पर्यटकांच्या खोलीचा मुद्दा समोरून नक्की येईल. व्यापारी हेतूने सेवा घेणारा 'ग्राहक' ठरत नाही, असं ते म्हणतील. त्यावर सर्वोच्च न्यायालयाचा २०१९ चा निकाल आपल्या कामाचा आहे : लीलावती कीर्तिलाल मेहता मेडिकल ट्रस्ट विरुद्ध युनिक शांती डेव्हलपर्स. रुग्णालयाच्या ट्रस्टने परिचारिकांना राहायला फ्लॅट घेतले होते. व्यवहाराचा प्रमुख हेतू काय हे पाहायचं, असं न्यायालयाने सांगितलं आणि ट्रस्टला ग्राहक मानलं. तुमचं घर मुळात आई-वडिलांचं राहतं घर आहे, एक खोली सुट्टीपुरती दिली जाते. हे अर्जात स्वतःहून सांगा. लपवलंत आणि उलटतपासणीत निघालं, तर बाकीच्या खऱ्या गोष्टींवरही शंका येईल.

घरपट्टी आजोबांच्या नावावर आहे म्हणून अर्ज अडत नाही. हा मालकीचा दावा नाही. पैसे तुम्ही मोजले, तुमच्या संमतीने सेवेचा लाभ आई-वडिलांनी घेतला. दोघेही कायद्याने ग्राहक आहेत. तुम्ही आणि वडील मिळून अर्ज करा. काका-आत्यांचं घरात सामाईक नाव असेल, तर त्यांना आधी कल्पना द्या, एवढंच. तो मान घरातला आहे.

अर्ज कुठे? २०१९ च्या कायद्यामुळे तक्रारदार जिथे राहतो त्या जिल्ह्यातही अर्ज चालतो, म्हणजे ठाण्यातही. माझं मत विचाराल तर सिंधुदुर्गनगरीला, म्हणजे गावाकडच्या जिल्हा आयोगात करा. घर तिथे, पंच तिथे, इंजिनिअर तिथे, आणि कौलारू घर म्हणजे काय हे तिथे कुणाला समजावून सांगावं लागणार नाही. ऑनलाइन अर्जाची सोय आहे. सेवेचा मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. वकील सक्तीचा नाही. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं. मध्यस्थीसाठी आयोगाने विचारलं तर नाही म्हणू नका; अशी प्रकरणं तिथे बऱ्यापैकी मिटतात.

दहा लाख मात्र मागू नका. ५० हजारांचा परतावा, छपराच्या दुरुस्तीचा खर्च, दर्जा भरण्याचा खर्च, भिजलेल्या सामानाची यादी, मनस्तापाची आणि अर्जखर्चाची वाजवी रक्कम, एवढं पावत्या जोडून मागा. वाळवीने आधीच पोखरलेले वासे त्यात घालू नका. इंजिनिअरला ते एका नजरेत कळतं आणि समोरच्यालाही.

उरलेले ३५ हजार देऊ नका, पण गप्पही राहू नका. त्याच्या मागणीला कारणांसह लेखी उत्तर द्या. केलेल्या कामाच्या पैशांसाठी तो तीन वर्षांत दिवाणी दावा लावू शकतो. तेव्हा आजचं उत्तर तुमच्या कामी येईल.

पोलीस तक्रारीचा विचार सोडा. फसवणुकीच्या गुन्ह्यासाठी सुरुवातीपासूनच बुडवण्याचा हेतू लागतो. सर्वोच्च न्यायालयाने हृदय रंजन प्रसाद वर्मा प्रकरणात २००० साली हे स्पष्ट केलं आहे आणि पुढेही वारंवार सांगितलं आहे. इथे माणसं आली, चार दिवस राबली, काम वाईट केलं. पोलीस 'दिवाणी बाब' असा शेरा मारतील आणि तोच शेरा कंत्राटदार आयोगापुढे मिरवेल.

शेजाऱ्यांची विहीर हा वेगळा आणि नाजूक प्रश्न आहे. तुमच्या पागोळ्यांचं पाणी वर्षानुवर्षं त्यांच्या हद्दीत पडत असेल, तर सुविधाधिकार कायदा, १८८२ खाली वीस वर्षांच्या वहिवाटीने तो हक्क मिळू शकतो. पण हक्क मिळाला तरी तो पावसाच्या पाण्याचा. केमिकल मिसळलेलं पाणी सोडायचा हक्क त्यातून येत नाही. स्वतंत्र कंत्राटदाराच्या चुकीला काम देणारा सहसा जबाबदार नसतो. पण घातक द्रव्य आपल्या आवारातून बाहेर गेलं की हा बचाव लंगडा पडतो. म्हणून वाद घालत बसू नका. त्यांना सांगून, त्यांच्यासमोर विहिरीच्या पाण्याचा नमुना घ्या आणि भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेत तपासून घ्या. काय फवारलं हे कंत्राटदाराला लेखी विचारा : ब्लीचिंग, ॲसिड की सुपारीवर मारतात तसं मोरचुदाचं पाणी? प्रयोगशाळेला नेमकं काय शोधायचं ते त्यावरून ठरेल. अहवाल येईपर्यंत शेजाऱ्यांच्या पिण्याच्या पाण्याची सोय तुम्ही करून द्या. मात्र 'आमची चूक झाली' असं मेसेजवर लिहू नका. तो खर्चही पावतीसह जपा, तो कंत्राटदाराकडून मागायच्या यादीत येतो.

कंत्राटदाराला स्पीड पोस्टाने नोटीस पाठवा. अर्जाआधी ती सक्तीची नाही, पण पंधरा दिवसांत घर पाहायला या, असं तिच्यात स्पष्ट लिहा. तो आला, तर त्याच्यासमोर पुन्हा फोटो घ्या. कौलं त्याआधीच परतली गेली असतील, तर पडवीतली फुटकी कौलं दाखवा.