शेतात सापडलेलं कुलूप, आणि उघडायची घाई

प्रश्न: मी इंग्लंडमधे लेस्टरजवळ राहते. नवऱ्याला मेटल डिटेक्टरचा भारी नाद. मागच्या रविवारी ओळखीच्या शेतकऱ्याच्या नांगरलेल्या रानात (त्याला विचारून गेलो होतो) मशीन वाजलं आणि वीतभर खाली हे कुलूप निघालं. लोखंडी, बदामाच्या आकाराचं, तळहाताएवढं, कडी बंद आणि गंजून घट्ट झालेली. किल्लीच्या भोकावर पितळेचं छोटं झाकण आहे, त्यावर मुकुट आणि व्ही आर अशी अक्षरं. राणीच्या वाड्यातलं असेल का? नवरा म्हणतो रात्रभर व्हिनेगरमधे टाकू, नाहीतर कडी कापू. वाईला आजीच्या माजघराला अगदी असंच कुलूप होतं हो, म्हणून जीव अडकलाय.

उत्तर: ताई, आधी ती व्हिनेगरची बाटली परत किचनमधे ठेवा. व्हिनेगर गंज खातं तसं खालचं चांगलं लोखंडही खातं, आणि तारेचा ब्रश फिरवलात तर झाकणावरची ती अक्षरं जातील, तुमच्याकडे सगळ्यात मोठा पुरावा तोच आहे.

व्ही आर म्हणजे व्हिक्टोरिया रेजिना, अर्थात राणी व्हिक्टोरिया, ती १८३७ ते १९०१ गादीवर होती, म्हणजे कुलूप बहुतेक त्याच काळातलं. पण राजवाड्याचं समजू नका, तेव्हा साध्या बाजारी कुलपांवरही हा मुकुट सर्रास मारायचे. तुमचं बहुधा एखाद्या फाटकाचं नाहीतर तबेल्याचं असणार, आणि मला तर ते जास्त आवडतं, कुणीतरी रोज हाताळलेलं.

अशी कुलपं मुख्यतः वुल्वरहॅम्प्टन आणि शेजारच्या विलेनहॉलमधे बनायची. विलेनहॉलला घरोघरी, परसातल्या छोट्या कारखान्यांत कानस घेऊन माणसं दिवसभर वाकून बसायची, इतकी की पाठीला कुबड यायचं आणि गावाला हंपशायर (हंप म्हणजे कुबड) असं नाव पडलं. तुमच्या हातातल्या कुलपामागे अशीच एखादी पाठ असेल, हे मनातून जात नाही.

आता एक करा, झाकण अडलं असेल तर जोर लावू नका, सहज सरकलं तरच टॉर्च मारून भोकात बघा. मधोमध खिळीसारखी पिन दिसली तर किल्ली पोकळ दांडीची होती. आत लीव्हर (किल्लीनं उचलल्या जाणाऱ्या पट्ट्या) आहेत की नुसते साधे अडसर (किल्लीच्या वाटेतले न हलणारे अडथळे) ते बाहेरून कळत नाही, एक्स-रे काढला तर दिसेल. लीव्हरची युक्ती जुनीच, रॉबर्ट बॅरननं १७७८ मधे पेटंट घेतलं होतं. आजीच्या कुलपाशी नातं असू शकतं, कारण तेव्हा विलायती कुलपं आपल्याकडे भरपूर यायची, गोदरेजनी मुंबईत कुलपं सुरू केली ती १८९७ मधे.

कायद्याचं म्हणाल तर तिकडच्या १९९६ च्या ट्रेझर ॲक्टमधे (सापडलेल्या जुन्या धनाच्या कायद्यात) हे बसत नाही, सोनंचांदी नाही आणि ३०० काय, २०० वर्षंही झालेली नाहीत. मात्र जमिनीच्या मालकाला दाखवाच, वस्तू त्याची आहे. आणि नेमकं कुठे सापडलं ते नकाशावर खूण करून ठेवा, हे लोक विसरतात आणि मग कुलूप नुसतं लोखंड उरतं.

माती मऊ ब्रशनं, कोरडीच झाडा, मग सिलिका जेलच्या पुड्या टाकून घट्ट डब्यात ठेवा. पुढच्या वेळी मागच्या बाजूचा फोटो पाठवा, आणि वाईच्या कुलपाची किल्ली घरात कुणाकडे असेल तर तिचाही.