पहिल्या सायकल सफरीसाठी बोर्दो ते तुलूझच का?

फ्रान्समध्ये पहिल्यांदाच सायकलवर सामान लादून निघताय, तर डोंगरांचा मोह आत्ता नको. बोर्दोहून सुरुवात करा. तिथून सोव्हतेर-द-ग्वियेनपर्यंत जुन्या रेल्वेमार्गावर केलेली वाट आहे, १९३७ची तूर द फ्रान्स जिंकणाऱ्या रोजे लापेबीच्या नावाची. रेल्वेचीच वाट, त्यामुळे चढ सौम्य. पुढे गावरस्त्यांनी थोडं गेलं की गारोन कालवा लागतो आणि मग थेट तुलूझपर्यंत काठाकाठाने डांबरी वाट. गाड्यांचा त्रास जवळपास नाहीच. आजाँला तर कालवाच २३ कमानींच्या पुलावरून नदी ओलांडतो. तिथे उतरून सायकल हातात धरून चाला, खाली गारोन नदी आणि शेजारी संथ नावा. मी तिथे अर्धा तास नुसती उभी होते.

तुलूझच्या पुढे मिदी कालवा सुंदर आहे, पण डांबर संपल्यावर झाडांची मुळं आणि खडी लागते. बारीक टायर असतील तर तो हट्ट सोडा.

खाण्याचं मात्र मनावर घ्या. खेड्यात दुपारी दुकानं बंद असतात, रविवार-सोमवारी तर बेकरीचाही भरवसा नाही. ब्रेड, चीज, फळं सकाळीच पिशवीत भरा. पाणी संपलं तर दफनभूमी शोधा. फुलझाडांसाठी तिथे बहुतेकदा नळ असतो. पाणी पिण्याजोगं नसल्याची पाटी नाही ना, तेवढं बघून बाटली भरा.