सरकणारा सा आणि रडणं नावाचं वाद्यसंगीत

प्रश्न : काका, सप्रेम नमस्कार. माझे जावई कामासाठी ब्राझीलला, रिओ दि जानेरोला असतात. त्यांनी मोबाइलवर एक रेकॉर्डिंग पाठवलं. टेबलाभोवती पाच जण बसलेत, मध्ये ग्लास नि बशा. एक बासरी, दोन गिटार, एक खेळण्याएवढी गिटार आणि खंजिरी. गाणारं कुणीच नाही. जावई म्हणतात, याला शोरो म्हणतात आणि त्याचा अर्थ रडणं! माझे तर पाय हलायला लागले. हे बसवलेलं असतं की आयत्या वेळचं?
— एक वाचिका, रावपुरा, वडोदरा

उत्तर : ताई, पाय हलले ना? मग तुम्ही बरोबर ऐकलंत. रिओचे लोक त्याला 'शोरू' म्हणतात. नावाबद्दल जाणकारांची एकवाक्यता नाही. कुणी म्हणतं सुरावट आळवून, हुंदका दिल्यासारखी वाजवायचे म्हणून. कुणी त्याचा संबंध जुन्या नाचाशी लावतं. मला विचाराल तर ते नाव गिटारच्या खर्जात आहे. त्याबद्दल पुढे सांगतो.

युरोपातून रिओला पोल्का नाच आला. तिथल्या वादकांनी, ज्यांत आफ्रिकन वंशाचे बरेच, तो आपल्या अंगानं वाजवायला घेतला, आणि 1870 च्या सुमारास त्यातून ही पद्धत तयार झाली. झ्वाकीं कलादो हा बासरीवाला त्यातला आद्य पुरुष. त्याचा संच म्हणजे बासरी, दोन गिटार आणि कवाकिन्यो. तुम्ही पाहिलेली खेळण्याएवढी गिटार तीच, चार तारांची. कलादो 1880 साली गेला, वय अवघं 31. खंजिरी नंतर आली. तिला पांदेइरो म्हणतात. तिच्या झांजा वाटीसारख्या खोलगट असतात, म्हणून आवाज कोरडा, आपल्या भजनातल्यासारखा छनछनाट नाही. अंगठा, बोटांची टोकं आणि तळहाताचा मागचा भाग आळीपाळीनं पडतो. एका मात्रेत चार अक्षरं, आणि वजन कधी कुठल्या अक्षरावर टाकायचं यातच सगळी गंमत.

वाजवणारे बहुतेक पोटापाण्याची नोकरी सांभाळून वाजवायचे. टपाल खात्यातल्याच एका वादकानं 1936 साली या मंडळींच्या आठवणींचं पुस्तक लिहिलं. बैठकीला गेल्यावर त्यांचा पहिला प्रश्न खाण्याचा असे. चुलीवर मांजर झोपलंय, म्हणजे आज चूल पेटलेलीच नाही, असं कळलं की मंडळी वाद्यं उचलून पसार! हे वाचलं आणि मला आमच्या कट्ट्यावरचा दिमडीवाला आठवला. शेव-उसळ असल्याशिवाय तो आमच्या ओट्याची पायरी चढत नसे.

आता तुमचा प्रश्न. सुरावट बांधलेली असते आणि ती सगळ्यांना पाठ असते. साधारण तीन भाग : पहिला दोनदा, दुसरा दोनदा, परत पहिला, मग तिसरा दोनदा आणि शेवटी पुन्हा पहिला. अंतऱ्यावरून अस्थायीवर यावं तसं. पण वळणं, दाणे, उत्तरं जागच्या जागी सुचतात. त्यात सगळ्यात कान देऊन ऐकायचं ते सात तारांचं गिटार. सातवी तार जास्त खर्जाची. बासरी श्वास घ्यायला थांबली की अंगठ्यानं खालच्या तारांवर एक ओळ उतरत जाते. या ओळींना बायशारिया म्हणतात. दिनो नावाच्या वादकानं हे अंग इतकं वाढवलं की लोक त्याला 'सात तारा' या टोपणनावानंच ओळखू लागले. ती ओळ ऐकताना रडणं कुठे असेल ते कळतं. चाल उड्या मारत असते आणि खाली कुणीतरी पायऱ्या उतरत असतं.

माझी फजितीही सांगतो. मी इथल्या सूरसागर तलावाजवळच्या गायनशाळेत शिकलो. सयाजीरावांनी 1886 साली गायक उस्ताद मौलाबक्षांच्या हाती सोपवलेली ती संस्था. तंबोऱ्याशिवाय बसायचं नाही, हे तिथं हाडात मुरलं. काही वर्षांपूर्वी दांडिया बाजारात आमच्या ओट्यावर आम्ही चौघांनी कलादोची 'फ्लोर आमोरोझा' बसवायला घेतली. मी मेंडोलिनवर, शेजारचा मुलगा गिटारवर, बँकेतून निवृत्त झालेले एक स्नेही पेटीवर आणि तो दिमडीवाला. मी सवयीनं इलेक्ट्रॉनिक तंबोरा लावला. पहिला भाग झकास. तिसऱ्यात शिरलो आणि सगळं आंबलं. एकमेकांकडे बघतोय, पेटीवाले म्हणतात मी बरोबर आहे, गिटारवाला म्हणतो मी बरोबर आहे. आतून सौ. ओरडली, "अहो, ते मशीन बिघडलंय का?" मशीन ठणठणीत होतं. या संगीतात सा सरकतो! तिसऱ्या भागात बहुतेक वेळा मध्यमालाच, म्हणजे 'म'लाच, सा मानायचं, आणि परत येताना जुना सा हुडकायचा. तंबोरा बिचारा जुन्याच घरात बसून राहिला होता. त्या दिवशी तो कपाटात गेला. तासभर मला चोरी केल्यासारखं वाटत होतं.

प्रश्न : मी इंदूरला सुगम संगीताच्या कार्यक्रमांत मेंडोलिन वाजवतो, वय 58. हे माझ्या हाताला बसेल का? सुरुवात कुठून करू?
— एक वाचक, इंदूर

उत्तर : तुम्हाला तर आयतं ताट वाढलंय. ब्राझीलचं बांदोलिं म्हणजे मेंडोलिनचंच भावंड, चार जोड्या तारा, मिळवणी व्हायोलिनसारखी. झाकोब दो बांदोलिं (1918–1969) यांना ऐका. कोर्टात नोकरी केली आणि संध्याकाळी असं वाजवलं की वाद्याचं नावच त्यांना आडनावासारखं चिकटलं. त्यांची 'नोइतिस कारिओकास' ऐका, आणि सूर लांबवताना ते तार कशी थरथरवतात ते पाहा. आपण सिनेमातल्या सवयीनं प्रत्येक सुरावर थरथर करतो. ती खोड मोडायला मला वर्ष लागलं.

पहिली चीज म्हणून 'करिन्योझो' घ्या. पिशिंगिन्या यांची, संथ आणि गोड. शोरोला तीन भाग हवेत ही तेव्हाची रीत, हिला दोनच, म्हणून त्यांनी ती बरीच वर्षं बाजूला ठेवली होती. पुढे 1937 साली ओर्लांदो सिल्व्हानं ती शब्दांसह गायली आणि ती ब्राझीलभर लोकप्रिय झाली. 'ब्रासिलेइरिन्यो' या जलद चिजेच्या वाटेला एवढ्यात जाऊ नका. ऐकायला सोपी, मनगटाला महाग. नोटेशन मिळेल तर घ्या, पण त्यात वजन लिहिता येत नाही. शंभर वेळा ऐकून मग हात लावा. कलादोच्या संचातसुद्धा स्वरलेखन वाचणारा तो एकटाच होता म्हणतात, बाकीचे कानावर.

प्रश्न : शोरो म्हणजे सांबाच ना?
— एक विद्यार्थी, वडोदरा

उत्तर : नाही रे बाबा. शोरो वयानं मोठा. सांबात गाणं आणि ढोल पुढे, इथं वाद्यांच्या गप्पा. आणि बोसा नोव्हा हे ब्राझीलचंच दुसरं संगीत तर 1950 नंतरचं, नातवंडच म्हण. आमचा कट्टा अजून गुरुवारी संध्याकाळी भरतो. ये ऐकायला, येताना शेव-उसळ आण.