फेसलिफ्ट येतंय म्हणून थांबावं की आहे ती गाडी आत्ताच घ्यावी?

तुम्ही लिहिलंय की ऐरोलीला राहता, ऑफिस महापेला, घरात बायको, शाळेतली मुलगी आणि गुडघ्यांचा त्रास असलेली आई, चार मीटरच्या आतली एक पेट्रोल ऑटोमॅटिक एसयूव्ही पसंत पडलीय, शोरूमवाला 60 हजार सोडतोय आणि नेमकं आत्ताच यूट्यूबवर त्याच गाडीच्या फेसलिफ्टचे, म्हणजे वरवर बदललेल्या नव्या रूपाचे, झाकलेल्या अवस्थेतले फोटो फिरायला लागलेत म्हणून अडकलात. माझं मत, घ्या. फक्त 60 हजारावर मान डोलावू नका आणि यार्डात उभी असलेली कुठलीही गाडी गळ्यात मारून घेऊ नका.

आधी येणारी गाडी फेसलिफ्ट आहे की नवीन जनरेशन, म्हणजे जवळजवळ पूर्णच नवीन गाडी, ते नीट बघा, लोक दोन्ही एकच समजतात. फेसलिफ्टमध्ये बहुतेक वेळा बंपर, ग्रिल, लायटी, अलॉय, आत मोठा स्क्रीन, झालंच तर व्हेंटिलेटेड सीट, एवढंच येतं. सांगाडा तोच, मागच्या सीटवरची जागा तीच, डिकी तीच. जानेवारी 2024 ला क्रेटाचं फेसलिफ्ट आलं तेव्हा चेहरा बदलला, एडास (गरज पडली तर गाडीच ब्रेक लावते, लेन सांभाळते अशा सोयी) आलं, वरच्या व्हेरियंटला 1.5 लिटरचं जास्त ताकदीचं टर्बो पेट्रोल इंजिन आलं, पण साधं 1.5 पेट्रोल आणि डिझेल जे होतं तेच राहिलं. म्हणजे ज्याला मधल्या व्हेरियंटचं साधं पेट्रोल घ्यायचं होतं त्याला थांबून इंजिनात काहीच नवीन मिळालं नाही. उलट सप्टेंबर 2023 ला नेक्सॉनचं फेसलिफ्ट आलं तेव्हा पेट्रोलला 7 गिअरचा ड्युअल क्लच ऑटोमॅटिक मिळाला, आधी फक्त एएमटी होता, म्हणजे साध्याच गिअरबॉक्सला मशीनने क्लच-गिअर टाकणारा स्वस्तातला ऑटोमॅटिक. आता संध्याकाळी घोडबंदर रोडला किंवा ठाणे-बेलापूर रोडला रांगेत फूट-फूट पुढे सरकताना एएमटी जो झटका देतो तो ज्याने रोज खाल्लाय त्याला विचारा, तो म्हणेल यासाठी मी सहा महिने थांबलो असतो, आणि ते बरोबरच आहे.

तिसरा प्रकार स्विफ्टचा. मे 2024 ला पूर्ण नवीन जनरेशन आलं, सगळ्या व्हेरियंटला 6 एअरबॅग मिळाल्या, ही फार मोठी गोष्ट आहे, पण जुनं 4 सिलिंडरचं इंजिन जाऊन 3 सिलिंडरचं आलं. माझ्या ओळखीतल्या एकाने मुद्दाम धावपळ करून शेवटच्या स्टॉकमधली जुनी उचलली, त्याला ते मऊ चालणारं इंजिनच हवं होतं. मी असतो तर एअरबॅगसाठी थांबलो असतो. सांगायचा मुद्दा, नवीन म्हणजे तुमच्यासाठी चांगलंच असं गृहीत धरू नका. बातम्या वाचताना फक्त गिअरबॉक्स, इंजिन, एअरबॅग आणि मागची सीट यात काही बदलतंय का ते शोधा, बाकी लायटी आणि स्क्रीन चार महिन्यांनी आपल्या लक्षातही राहत नाही. तुमच्या गाडीबद्दल तुम्ही जे लिहिलंय त्यात गिअरबॉक्स बदलणार असं कुठेच नाहीये, म्हणून मी घ्या म्हणतोय.

दुसरं, किती वर्षं ठेवणार? तुम्ही म्हणता निदान आठ-नऊ वर्षं. मग रिसेलची काळजी सोडा, एवढ्या वर्षांनी घेणारा गाडीची हालत, किलोमीटर आणि सर्व्हिस रेकॉर्ड बघतो, ग्रिल नाही. तीन-चार वर्षांत बदलणार असाल तर मात्र थांबा, कारण जुन्या चेहऱ्याची गाडी विकताना डीलर पहिलं तेच बोट दाखवून भाव पाडतो. आणि जुन्याचे पार्ट मिळणार नाहीत ही भीती काढून टाका, फेसलिफ्टमध्ये इंजिन-सस्पेन्शनचे पार्ट बहुतेक तेच असतात.

किंमत कमी होईल म्हणून थांबायचा विचार असेल तर तो जुगार आहे. 22 सप्टेंबर 2025 ला जीएसटी बदलला, 1200 सीसीपर्यंतच्या आणि चार मीटरच्या आतल्या पेट्रोल गाड्या 28 टक्के अधिक सेसवरून थेट 18 वर आल्या, तेव्हा थांबलेल्यांचा खरंच फायदा झाला, पण असं दरवर्षी होत नाही. नेहमीचं चित्र वेगळं असतं. फेसलिफ्ट थोडं महागच येतं, सुरुवातीची किंमत काही दिवसांपुरती असते, ऑटोमॅटिकला वेटिंग लागतं, आणि तोपर्यंत तुम्ही आईला फिजिओथेरपीला नेताना पावसात रिक्षावाल्यांच्या विनवण्या करणार. हे शेवटचं मला बाकी सगळ्यापेक्षा महत्त्वाचं वाटतं, खरंच.

आता सुटीचं बोलू. 60 हजारात काय काय मोजलंय ते कागदावर मागा. बऱ्याचदा त्यात एक्स्चेंज बोनस, कॉर्पोरेट सूट आणि फ्लोअर मॅट-सीट कव्हरची किंमत धरलेली असते, आणि तुमच्याकडे एक्स्चेंजला गाडीच नाहीये! रोख किती सोडता तेवढंच विचारा. इन्शुरन्स शोरूमचाच घ्यायची सक्ती नाही, बाहेरून कोटेशन आणून समोर ठेवा, तिथे बरेच पैसे सुटतात. हँडलिंग चार्ज, म्हणजे गाडी शोरूमपर्यंत आणल्या-सांभाळल्याचे वेगळे पैसे, लावला तर सरळ नाही म्हणा. ठाण्यातल्या, वाशीच्या आणि पनवेलच्या डीलरकडून एकाच व्हेरियंटची ऑन-रोड कोटेशनं घ्या आणि एकाची दुसऱ्याला दाखवा. फेसलिफ्टची कुजबुज सुरू झाली की स्टॉक संपवायची घाई त्यांना असते, तुम्हाला नाही.

आणि गाडी कुठल्या महिन्यात बनलीय ते बघितल्याशिवाय पूर्ण पैसे भरू नका, यात अजिबात भीड ठेवू नका. मावसभावासोबत मी एका डीलरच्या यार्डात गेलो होतो, डिसेंबर होता, सेल्समन सांगत होता गेल्या महिन्यातली गाडी आहे. टायरच्या बाजूला छोट्या लंबगोलात चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन वर्ष. चारही टायर फेब्रुवारीचे निघाले, बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरी बुरशी, वायपरच्या खाली वाळलेली पानं. चासी नंबरवरून महिना काढून द्या म्हटल्यावर मार्च निघाला. टायर गाडीपेक्षा महिना-दोन महिने जुने असणं नॉर्मल आहे, नऊ-दहा महिने नाही. आरसीवर उत्पादनाचा महिना आणि वर्ष छापून येतं, विकताना तेच धरतात. वर्ष बदललं की डिसेंबरात दिलेली सूट तिथेच वसूल होते, म्हणून मागच्या वर्षीची गाडी असेल तर 60 हजार मला कमीच वाटतात, लाखाच्या आसपास रोख सुटत असेल तर विचार करा, नाहीतर दोन-तीन महिन्यांच्या आतली मागा.

अजून एक, तुमच्या सोसायटीत स्टॅक पार्किंग (मशीनने एकावर एक गाड्या उभ्या करायची सोय) असेल तर खालच्या-वरच्या लेव्हलची उंची आणि वजनाची मर्यादा सेक्रेटरीकडून आधीच लिहून घ्या, ठाणे आणि नवी मुंबईच्या नवीन टॉवरमध्ये एसयूव्ही वरच्या पाळण्यात बसत नाही म्हणून भांडणं झालेली मी बघितली आहेत.

टेस्ट ड्राईव्ह रविवारी सकाळी नवी मुंबईच्या मोकळ्या पाम बीच रोडवर घेऊ नका, तिथे कुठलीही गाडी छान चालते. वर्किंग डेला संध्याकाळी महापे ते ऐरोली असा तुमचाच रस्ता मागा, एसी लावून, आईला मागे बसवून. सीटवर चढताना-उतरताना त्यांना दाराचं हँडल धरावं लागतंय का, पाय वळवताना गुडघा कशाला लागतोय का ते बघा. पाडवा किंवा दसऱ्याला डिलिव्हरी हवी असेल तर यार्डातली तपासणी आणि पासिंग त्याच्या आधीच्या आठवड्यात उरकून घ्या, मुहूर्ताच्या दिवशी शोरूममध्ये एवढी गर्दी असते की ओरखडा दाखवला तरी कोणी बघत नाही.